‘चरबी’ म्हटलं आणि बाबा उठून गेले

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच, आणि मलाही ते नीट येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यातलं निम्मं त्यामुळेच झालं. मी हिंगोलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच. त्यामुळे घरात कुठलाही कागद आला, लाइटचा असो की दवाखान्याचा, तो माझ्या हातात येतो आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मला अर्थ लागला नाही तरी काहीतरी बोलावं लागतं.

नरसीच्या रस्त्यावर आमचं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, एक भट्टी आणि चार बाकडी. देवदर्शनाला येणारे लोक उतरतात, चहा पितात, पुढे जातात. माझ्या वडिलांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ते सुरू केलं. आता बाबा चालवतात. आबांची एक सवय होती. चहाचा कप हातात देताना ते प्रत्येकाला विचारायचे, “पाव्हणं, कोन्या गावचे?” एकदा गाव सांगितलं की पुन्हा सांगावं लागायचं नाही. वर्षाने परत आलेल्या माणसाला आबा म्हणायचे, “तुमी जवळा बाजारचे न? साखर कमी.” माणूस चकित व्हायचा आणि दोन प्लेटा भजे जास्तीचे खायचा.

या सवयीमुळेच आबांचं विसरणं आम्हाला फार उशिरा कळलं. ते विचारतच होते, पहिल्यासारखंच, तितक्याच अदबीने. बाहेरगावच्या माणसाला त्यात काही वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. ओळखीच्या माणसांना वाटायचं, म्हातारा गंमत करतो. मग एका सकाळी बाबा भट्टीसमोरून उठून घाम पुसत बाकड्यावर टेकले. आबांनी त्यांच्या हातात कप दिला आणि विचारलं, “पाव्हणं, कोन्या गावचे?”

बाकड्यावरची माणसं हसली. बाबाही हसले. “इथलाच हाय मी,” ते म्हणाले.

आबांनी मान डोलावली. “बरं बरं. मंग माझ्या पोराला वळखत असताल. ह्योच हाटेल हाय त्याचं.”

त्यानंतर कोणी हसलं नाही. बाबा कप तसाच ठेवून भट्टीकडे गेले आणि उगाच लाकडं सारत बसले.

मी त्या दिवशी एस्टीत बसून मोबाइलवर वाचायला सुरुवात केली. माणूस म्हातारपणी का विसरतो, त्याला काय म्हणतात, काय केलं म्हणजे थांबतं. पानामागून पान. इंग्रजीतलं निम्मं कळायचं, मराठीतलं वाचलं की त्यात लिंबू-मध आणि सूर्यनमस्कारच निघायचे. एका ठिकाणी वाचलं की रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा आणि अल्झायमरचा संबंध आहे. तिथे मी थांबले. कोलेस्टेरॉल हा शब्द मला माहीत होता, परीक्षेला आलेला होता. आणि आमचं तर भज्यांचं हॉटेल! रोज सकाळी कढईतला पहिला घाणा आबांचा, असा आमच्याकडे नियमच होता. भजं नीट फुललं का, मीठ बरोबर आहे का, हे आबा खाऊन सांगणार, मग गिऱ्हाइकाला. किती वर्षं ते रोज तळलेलं खात होते, कोण जाणे. मला वाटलं, सापडलं.

मी आबांचे भजे बंद केले. तूप बंद केलं, लोणी बंद केलं, दुधावरची साय बंद केली. माय म्हणाली, “म्हातारं मानूस हाय गं, काहून तोडती त्येचं?” मी तिला मोबाइल दाखवला. तिला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, पण मी दाखवलं म्हणून ती गप्प बसली. आजही मला त्या गप्प बसण्याची लाज वाटते.

आबा सगळं विसरत चालले होते, पण पहिल्या घाण्याचा वास विसरले नव्हते. कढईत पीठ पडलं की ते उठून भट्टीजवळ येऊन उभे राहायचे आणि झाऱ्याकडे बघायचे. मी त्यांना हाताला धरून परत नेऊन बसवायचे, समोर भाकरी आणि पातळ वरण ठेवायचे. एकदा त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, “बाई, तुमच्या मालकाला सांगा, एक भजं द्या म्हनावं. म्या लई दिस काम केलं हो इथं.”

मी दिलं नाही. मला वाटत होतं मी त्यांचं डोकं वाचवते आहे.

तीन महिने असे गेले. आबांचा सदरा अंगावर लोंबायला लागला. मग बाबा, मी आणि माय त्यांना घेऊन नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ आबांशी गप्पा मारल्या, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आज वार कोणता ते विचारलं. आबांनी उलट त्यांनाच विचारलं, “साहेब, तुमी कोन्या गावचे?” डॉक्टरांनी गाव सांगितलं. पाच मिनिटांनी आबांनी परत विचारलं. डॉक्टरांनी परत तितक्याच शांतपणे सांगितलं. मेंदूचा फोटो आणि रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्यांनी सांगितलं, अल्झायमर आहे. गोळ्यांनी थोडं सुसह्य होईल, गेलेलं परत येणार नाही.

मग त्यांनी आबांचं वजन बघितलं आणि विचारलं, “खातात का नीट?”

मी पुढे होऊन सगळं सांगितलं, थोडं अभिमानानेच. भजे, तूप, साय, सगळं बंद केलंय सर.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “कोणी सांगितलं बंद करायला?”

मला मोबाइल म्हणता येईना. ते चिडले नाहीत, पण जे बोलले ते चिडण्यापेक्षा वाईट होतं. म्हणाले, “या आजारात माणसाचं वजन आपोआप उतरतं. यांचं कोलेस्टेरॉल आता वाढलेलं नाहीच. त्यांना पोटभर खाऊ घाला. आवडीचं खाऊ घाला.”

“पण सर, संबंध आहे असं लिहिलं होतं.”

“आहे. पण तो मधल्या वयातल्या कोलेस्टेरॉलचा. चाळिशी-पन्नाशीत ज्यांचं वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं असतं, त्यांच्यात पुढे म्हातारपणी हा आजार जास्त दिसतो. सत्तरीनंतर मोजलेल्या आकड्यावरून तसं काही नीट सांगता येत नाही. कधी कधी तर आजार सुरू होता होता तो आकडा खालीच येतो.”

“म्हणजे कोलेस्टेरॉल मेंदूत जातं का सर?”

“रक्तातलं जवळजवळ जातच नाही. मेंदू स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो, त्याला ते लागतंच. रक्तवाहिन्या खराब होतात, त्यातून काही होत असावं. आणखीही काही कारणं असतील. नेमकं कसं, ते पूर्ण कळलेलं नाही.” मग ते बाबांकडे वळले. “तुमचं वय किती?”

“सत्तेचाळीस असंल.”

“मग तपासायचं तर यांचं तपास.” हे ते मला म्हणाले.

परतीच्या एस्टीत माझं डोकं तापलं होतं. संबंध आहे, पण कारण आहे की नाही ते माहीत नाही. मेंदूत जात नाही, पण मेंदूचा आजार जास्त दिसतो. आबांचं तपासून उपयोग नाही, बाबांचं तपासा. मग हे सगळं लिहिणाऱ्यांनी वर ठळक अक्षरात संबंध आहे, एवढंच का लिहावं? मायने खिडकीतून बघत विचारलं, “काय म्हनले गं डाक्टर त्या संबंधाचं?” मी जमेल तसं सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे सोयरीक हाय, पन लगीन लागलं का न्हाई ते कोनालाच ठाऊक न्हाई.”

मला तेव्हा हसू आलं नाही. आज वाटतं, आमच्या कॉलेजातसुद्धा इतकं नीट कोणी सांगितलं नसतं. मी तिथे मॅडमना विचारलंही होतं. त्या म्हणाल्या होत्या, चांगला प्रश्न आहे, पण सिलॅबसमध्ये नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला घाणा परत आबांचा झाला. त्यांनी भजं तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “ववा कमी हाय.” खरंच कमी होता. तीन महिने मी त्यांच्याकडून काय काढून घेतलं होतं, ते मला त्या तीन शब्दांत कळलं.

आता बाबा राहिले. त्यांना रक्त द्यायला तयार करणं सोपं नव्हतं. “मला काय धाड भरली?” हेच त्यांचं उत्तर. शेवटी आबांच्या गोळ्या आणायला हिंगोलीला गेलो, तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढतच लॅबमध्ये नेलं. दोन दिवसांनी कॉलेजातून येताना रिपोर्ट घेतला. एस्टीतच उघडला. वाईट कोलेस्टेरॉलच्या पुढचा आकडा ठळक छापलेला होता, म्हणजे जास्त. बाकी साखर वगैरे ठीक.

उतरले ती सरळ हॉटेलात गेले. संध्याकाळचे चार वाजले असतील. भट्टी पेटलेली, बाकडी भरलेली. बाबांनी झारा हलवत विचारलं, “काय निघालं?” आणि मी, शिकलेली मुलगी, मराठीत सांगायला गेले.

“बाबा, तुमची चरबी वाढली.”

एक क्षण नुसता तेलाचा आवाज. मग बाकड्यावर एकच हशा उसळला.

“आता कळलं व्हय तुला? आमाला कवाच ठाऊक होतं!” एक रिक्षावाले काका म्हणाले.

“मालक, म्हनून भज्याचा आकार ल्हान करून राहिले का तुमी?”

“लेकीनं सर्टिफिकेटच आनलं भाऊ. शिक्क्यासहित चरबी!”

आमच्याकडे एखाद्याला चरबी आली म्हणजे तो माजला. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी लहानपणापासून ऐकलेला शब्द आहे. पण पुस्तकात रक्तातली चरबी असं छापलेलं होतं आणि माझ्या डोक्यात त्या वेळी पुस्तक होतं, बाकडं नव्हतं. मी घाईने म्हणायला लागले, “तसं नाही, रक्तातली, रक्तातली चरबी,” तर ते आणखीच हसले. “रगतातच हाय म्हना की मंग!”

बाबांनी घाणा काढला. भजे परातीत ओतले, भट्टीतली दोन लाकडं ओढून विझवली आणि मागच्या दाराने निघून गेले. आबा मात्र रिक्षावाल्या काकांना चहा देऊन विचारत होते, “पाव्हणं, कोन्या गावचे?”

बाबा माझ्याशी आठ-दहा दिवस बोलले नाहीत. मायकडून कळलं ते एवढंच: “चार मानसांत पोरीनं बापाला चरबी आली म्हनलं. ह्याच्यासाठी शिकवलं का तिला?” आणि गिऱ्हाइकं चिडवायची थांबत नव्हती. रोज कोणीतरी विचारायचं, “काय मालक, उतरली का?” मी हिंगोलीच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून आले. ते म्हणाले, वडिलांना घेऊन ये. मायने रडून बाबांना पाठवलं. डॉक्टरांनी परत तपासलं, बीपी बघितलं, रोज एक गोळी लिहून दिली, चालायला सांगितलं, तळलेलं कमी करा म्हणाले. बाबा घरी आले आणि गोळ्यांची पट्टी चहापत्तीच्या डब्यामागे ठेवून दिली. तिला हात लावला नाही.

मला राग येत होता, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं. आम्हाला शब्द का नाही? कोलेस्टेरॉल म्हटलं की लोकांना वाटतं शहरातल्या लोकांचा काहीतरी चोचला. मेद म्हटलं तर माय विचारते, “कोन मेला?” चरबी म्हटलं की शिवी. मी वहीत शब्द लिहून काढले आणि खोडले. एखाद्या माणसाला त्याच्याच अंगातली गोष्ट सांगायची आणि त्याचा अपमान होऊ नये, एवढं साधं मला जमत नव्हतं.

मग थंडी पडली. एका सकाळी कॉलेजला सुट्टी होती, मी भट्टीजवळ बसले होते. बाबा डालड्याच्या डब्यात पळी घालत होते आणि पळी आत जात नव्हती. “थिजलंय सगळं,” ते स्वतःशीच पुटपुटले. मी पटकन म्हणाले, “बाबा, रिपोर्टात तेच होतं. असंच काहीतरी रक्ताच्या नळीत थिजून बसतं.”

त्यांनी डब्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे, मनगटावरच्या निळ्या शिरेकडे. “असं हाय व्हय?” बऱ्याच दिवसांनी ते या विषयावर माझ्याशी बोलले होते. “मंग तवाच काहून न्हाई सांगितलं असं? आबाच्या डोक्यातबी हेच थिजलंय का?”

तिथेच मी हो म्हणायला हवं होतं. हो म्हटलं असतं तर त्यांनी त्याच क्षणी गोळी घेतली असती. पण मला ते खोटं वाटलं. आधीच एकदा अर्धवट वाचून मी आबांचे भजे बंद केले होते. मी म्हणाले, “तसं नाही बाबा. डालड्यासारखं थिजत नाही ते, नळीच्या भिंतीत हळूहळू साचतं. आणि आबांच्या डोक्यात काय झालं ते वेगळं आहे. तुमचा जो आकडा वाढलाय, त्यानं पुढं तसं होण्याचा धोका थोडा वाढतो, असं म्हणतात.”

“म्हनतात. आता तर तू थिजतं म्हनली.”

“समजावं म्हणून म्हणाले.”

“एकदा व्हय म्हनती, एकदा न्हाई म्हनती.” पळी त्यांनी डब्यावर आपटली. मग एकदम माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, “एवढंच सांग. ही गोळी रोज खाल्ली तर मी आबावानी होनार न्हाई, लिहून देती का?”

पलीकडे आबा बाकडं पुसत होते. तेच बाकडं, तिसऱ्यांदा.

“नाही देऊ शकत,” मी म्हणाले. “हृदयासाठी ही गोळी चांगली, ते डॉक्टर खात्रीनं सांगतात. विसरण्याचं खात्रीनं कोणीच सांगत नाही.”

“मंग काहून मागं लागली?”

खरं उत्तर विज्ञानाचं नव्हतंच. मला एवढंच वाटत होतं की वीस-पंचवीस वर्षांनी बाबांनी माझ्या हातात कप देऊन माझं गाव विचारू नये. आणि ते टळेल की नाही हे माहीत नसताना, जेवढं करता येतं तेवढं तरी करावं. पण हे मी बोलले नाही. आमच्याकडे बापासमोर असं बोलत नाहीत. मी म्हणाले, “आबा तुम्हाला पाव्हणं म्हणाले होते, त्या दिवशी तुम्ही चहा प्यालाच नाही.”

बाबांनी परत पळी उचलली. पण दुसऱ्या दिवशी पट्टीतली एक गोळी कमी झालेली होती.

तेव्हापासून मी घरी असले की डब्यामागची पट्टी बघते. कधी दोन दिवस सलग गोळी गेलेली असते, कधी तीन दिवस तशीच. मागच्या रविवारी बघितलं तर चार गोळ्या जास्त होत्या. बाबा कांदा चिरत होते.

“बाबा, चार दिवस गोळी नाही घेतली?”

“विसरलो गं.”

सुरी थांबली. मी थांबले. चुलीजवळ वाकलेली मायसुद्धा तशीच राहिली. आमच्या घरात हल्ली हा शब्द कोणी सहज वापरत नाही. मीठ राहिलं तर माय म्हणते, राहिलं. मी वही घरी सोडून गेले तर म्हणते, राहून गेली. विसरले असं कोणी म्हणत नाही.

“खरंच विसरलात?” माझा आवाज मलाच वेगळा वाटला. “की घ्यायची नव्हती?”

बाबांनी सुरी खाली ठेवली. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पोरासारखा पकडला गेलेला.

“घ्यायची नव्हती,” ते म्हणाले. “तोंड कडू पडतं. आन् ते रिक्षावालं रोज इचारतं, उतरली का म्हनून. गोळी घेतली का माझी चरबी खरी होती असं वाटतं.”

“म्हणजे आठवण होती?”

“चारीबी दिस होती. डब्बा काढला की दिसतीच की.”

मी खाली बसले. बापाने मुद्दाम औषध टाळलं हे ऐकून कोणाला बरं वाटत असेल? मला वाटलं. मग लगेच रागही आला, त्यांच्यावर आणि माझ्यावर. मी पट्टीतून एक गोळी काढली. तेवढ्यात आबा कप घेऊन आले, बाबांच्या पुढे धरला आणि मान वाकवून म्हणाले, “पाव्हणं, कोन्या गावचे?”

“इथलाच हाय, आबा,” बाबांनी कप घेतला.

“साखर?”

“कमी,” बाबा म्हणाले, आणि माझ्या तळहातावरची गोळी उचलून त्या चहासोबत घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या रिक्षावाल्यालाबी ने एकदा लॅबात. बघू त्याची किती निघती.”